शेजारी कोणाला म्हणायचे?

उत्तर कॅरोलायना या अमेरिकी राज्यात शंभर काउंट्या आहेत. 1974 ते 1978 या चार वर्षांत तिथे 3,29,962 बालके जन्मली आणि त्यांपैकी 667 बालके कोणतेही कारण न सापडता, बहुधा झोपेतच, दगावली. या मृत्यूंचा काउंटीवार तक्ता आज जगभर वापरला जातो, तो मात्र बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत नाही. 'आर' या मुक्तस्रोत सांख्यिकी भाषेत नकाशावरची आकडेवारी हाताळायला शिकणाऱ्या माणसाचा पहिला धडा बहुतेक वेळा हाच असतो. मग तो माणूस नैरोबीत बसलेला असो की कोल्हापुरात. तक्ता साधा दिसतो, पण त्यात एक खोच आहे. अ‍ॅन्सन काउंटीत 1,570 जन्मांमागे 15 मृत्यू नोंदले गेले, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या जवळपास पाचपट. हा योगायोग असेल, किंवा त्या भागात काहीतरी असे असेल ज्याची झळ आसपासच्या काउंट्यांनाही लागली. हे ठरवायचे तर शेजारच्या काउंट्यांकडे पाहावे लागते, आणि तिथेच पहिली अडचण उभी राहते, कारण शेजारची काउंटी म्हणजे नेमकी कोणती हे कुठेच लिहिलेले नाही. जिची हद्द भिडते ती, असे म्हणता येईल. नोएल क्रेसी आणि चॅन यांनी 1989 च्या अभ्यासात वेगळा निकष लावला: दोन काउंट्यांची मुख्य ठाणी एकमेकांपासून 30 मैलांच्या आत असतील तर त्या शेजारी. या निकषाने अटलांटिक किनाऱ्यावरच्या डेअर आणि हाइड या दोन काउंट्यांना एकही शेजारी उरत नाही. हद्दीचा निकष लावला तर त्यांना शेजारी मिळतात. आकडे तेच, सूत्र तेच, पण उत्तर बदलू शकते.

स्थळाला बांधलेली आकडेवारी तपासण्याची ही विद्या गेल्या तीस वर्षांत मूठभर विद्यापीठांतून बाहेर पडून सर्वांच्या हाती कशी आली, याची हकीकत साधारणपणे किमतीची हकीकत म्हणून सांगितली जाते. आधी सॉफ्टवेअर महाग होते, मग फुकट मिळाले, म्हणून लोक शिकले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. फुकटात मिळणारी आणि तरीही न शिकवणारी कितीतरी साधने आहेत. या विद्येचा स्वभावच असा की तिचे उत्तर सूत्रात कमी आणि सूत्राआधी केलेल्या निवडींत जास्त असते. शेजारी कोण, शेजाऱ्याचे वजन किती, हद्दीवर काय करायचे, तुकडे किती मोठे पाडायचे, अशा त्या निवडी. त्या झाकलेल्या राहिल्या तर शिकणारा बटण दाबायला शिकतो, विश्लेषण करायला नाही. म्हणून आतली यंत्रणा उघडी असणे ही इथे शिक्षणाची पूर्वअट होती, असा माझा दावा आहे. आणि त्याचा पुरावा संगणकाच्या कितीतरी आधीपासून मिळतो.

सुरुवात शेतातून झाली. गिनेसच्या मद्यनिर्मितीत काम करणारा विल्यम गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत असे. त्याने 1914 मध्येच दाखवले की दोन गोष्टी केवळ काळात किंवा जागेत जवळ असल्यामुळे त्यांच्यात खोटा संबंध दिसू शकतो. रॉथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात 1919 मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशरला हाच त्रास प्रत्यक्ष वाफ्यांत झाला. शेजारच्या वाफ्याची माती सारखी असते, त्यामुळे कुठल्या खताने पीक वाढले आणि कुठल्या मातीने, हे वेगळे काढता येत नाही. फिशरचा तोडगा असा की कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे यदृच्छेवर सोपवायचे, म्हणजे शेजाराचा परिणाम पुसला जाईल. सांख्यिकीने शेजाराशी पहिली गाठ पडताच त्याला दाराबाहेर काढले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. प्रयोगशेतात हे चालते. पण बंगालभर पसरलेल्या तागाच्या शेतांना चिठ्ठ्या टाकून जागा देता येत नाही. ती जिथे आहेत तिथेच मोजावी लागतात.

हे मोजमाप संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1937 पासून हाती घेतले. किती मोठ्या तुकड्यात पीक कापून तोलायचे, तुकडे किती अंतरावर घ्यायचे, खर्च किती आणि चूक किती, याचा त्यांनी केलेला विचार 1944 च्या त्यांच्या मोठ्या निबंधात आहे. जवळची शेते एकमेकांसारखी असतात ही गोष्ट तिथे अडचण म्हणून येत नाही, हिशेबात धरण्याची वस्तू म्हणून येते. कमी खर्चात जास्त ठिकाणे व्हावीत म्हणून त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. त्यांच्यासमोर उभे राहिले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे हे गृहस्थ फर्ग्युसनमधून लंडनला गेले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या पाहण्या उभारत होते. त्यांचे म्हणणे असे की फार लहान तुकडा घेतला की उत्पादन फुगते, कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर या प्रश्नावर मोजणाऱ्याचा हात नकळत आत धरण्याकडे जातो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड लांब, आणि तितकी ही चूक मोठी. 1947 मध्ये त्यांनी हा मुद्दा अमेरिकी सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात आकड्यांनिशी मांडला. वाद कडवट झाला, त्यात दोघांच्या संस्थांची चढाओढही मिसळली होती. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कुठला तुकडा, केवढा, कसा आखला, हे दोन्ही बाजूंनी छापून टाकले होते. म्हणून तिसऱ्या माणसाला त्यात बोट घालता आले. कडेचा तो प्रश्न पुढे तीस वर्षांनी ब्रायन रिप्ले यांनी बिंदूंच्या विखुरण्यासाठी काढलेल्या मापात पुन्हा आला. आज ऑस्ट्रेलियात वाढलेल्या 'स्पॅटस्टॅट' या पॅकेजमध्ये कडेच्या दुरुस्तीच्या एकाहून अधिक पद्धती शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, आणि कोणती वापरली ते वापरणाऱ्याने सांगायचे असते.

त्याच सुमारास शेजाराचे सरळ माप काढण्याचे प्रयत्न चालू होते. पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाचे निबंध 1948 आणि 1950 चे. मधल्या 1949 मध्ये पी. व्ही. कृष्ण अय्यर यांनी जाळीवरच्या बिंदूंच्या शेजाराचे गणित 'बायोमेट्रिका'त मांडले. हे नाव पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत असते, वर येत नाही. 1954 मध्ये रॉय गिअरी यांनी आयर्लंडच्या 26 काउंट्या घेऊन नकाशावरचे आकडे विखुरलेले आहेत की गटागटाने आहेत हे तपासले. या सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: शेजार हा असतो किंवा नसतो, एक किंवा शून्य. अँड्र्यू क्लिफ आणि कीथ ऑर्ड यांनी 1969 पासून तिथेच हरकत घेतली. दोन काउंट्यांची हद्द शंभर मैल भिडते आणि दुसऱ्या दोन जेमतेम कोपऱ्यात टेकतात, तर त्यांना एकाच मापाने का मोजायचे? वजने अभ्यासकाने विषय पाहून ठरवावीत, असा त्यांचा आग्रह. 1973 च्या त्यांच्या पुस्तकाने या विद्येला बसकण दिली आणि एक जोखीमही दिली: आता निर्णय माणसाचा होता, आणि तो बोलून दाखवायला हवा होता. तिकडे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीग 1951 मध्ये वेगळ्याच वाटेने त्याच जागी आला होता. काही ठिकाणी भोके पाडून काढलेल्या नमुन्यांवरून मधल्या, न खणलेल्या दगडात किती सोने असेल याचा अंदाज कसा बांधायचा, हा त्याचा प्रश्न. फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी त्याला गणिती रूप दिले आणि त्याला क्रीगचेच नाव दिले. हवामान खात्यापासून भूजलापर्यंत आज ते सगळीकडे वापरले जाते.

म्हणजे सत्तरच्या दशकापर्यंत सिद्धान्त बऱ्यापैकी तयार होता. तो हाताने करता येत नव्हता, एवढेच. शेजाराच्या तक्त्यात जितकी ठिकाणे तितक्या ओळी आणि तितकेच स्तंभ लागतात. शंभर काउंट्यांना दहा हजार घरे. महाराष्ट्रातली चाळीस हजार गावे घेतली तर ती 160 कोटी होतात. ज्याच्याकडे मोठा संगणक आणि स्वतः लिहिलेला फोर्ट्रान प्रोग्राम, त्याच्याकडेच ही विद्या राहिली. लेखात सूत्र छापले जाई, प्रोग्राम कपाटात राही. सुखात्म्यांच्या काळी जे खुले होते ते इथे पुन्हा बंद झाले, आणि ते कोणाच्या दुष्ट हेतूने झाले नाही. कागदावर मावत नव्हते म्हणून झाले.

1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही सांख्यिकीची भाषा सुरू केली. तिच्यावरून निघालेले 'एस-प्लस' हे विकाऊ उत्पादन ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आले आणि विद्यापीठांत मानाने वापरले गेले. लँकॅस्टरमध्ये बॅरी रोलिंगसन आणि पीटर डिगल यांनी रोगांच्या ठिपक्यांच्या नकाशांसाठी लिहिलेले 'स्प्लँक्स' 1993 मध्ये त्याच्यासाठीच आले. 1996 पासून एस-प्लसचा स्थलीय सांख्यिकीचा वेगळा भागही विकत मिळू लागला. दरम्यान न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांना विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश संगणकांवर चालेल असे काहीतरी हवे होते. त्यांनी एसच्या धर्तीवर लहानसा प्रयोग केला आणि त्याला एका अक्षराचे नाव दिले. आर शिकवण्याच्या खोलीत जन्मली, हा योगायोग मला दुर्लक्षण्यासारखा वाटत नाही. झुरिकच्या मार्टिन मेख्लर यांनी पिच्छा पुरवला म्हणून 1995 च्या जूनमध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. 1997 मध्ये पॅकेजांचे सामायिक कोठार व्हिएन्नातून सुरू झाले आणि 29 फेब्रुवारी 2000 या दर चार वर्षांनी येणाऱ्या तारखेला पहिली पक्की आवृत्ती निघाली.

नकाशाच्या बाजूची गोष्ट आणखी गमतीची. 'ग्रास' ही मुक्त नकाशा-प्रणाली ऐंशीच्या दशकात अमेरिकी सैन्याच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेने इलिनॉयमध्ये तयार केली. सैन्याच्या ताब्यातल्या प्रचंड जमिनींची देखभाल हा हेतू. सरकारी पैशाने झाले म्हणून ते सर्वांना खुले होते. नव्वदच्या दशकात सैन्याने हात काढून घेतला, आणि पोरके झालेले हे काम जर्मनीत हॅनोव्हरच्या मार्कुस नेटेलर यांनी उचलले. 1999 मध्ये त्यालाही मुक्त परवाना मिळाला. 2000 मध्ये ग्रास आणि आर यांना जोडणारा पूल नॉर्वेत बर्गेनच्या अर्थशास्त्र विद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या रॉजर बिवँड यांनी बांधला. बिवँड हे या सगळ्या हकीकतीतले मध्यवर्ती पात्र. शेजाराची यादी, वजनांचा तक्ता, मोरान आणि गिअरी यांची मापे एकत्र आणणारे 'एसपीडेप' पॅकेज त्यांचेच.

पण पॅकेजे वाढली तशी नवीच भानगड झाली. प्रत्येकाने बिंदू, रेषा, हद्द साठवण्याची आपापली रीत काढली होती. एकाच्या हद्दी दुसऱ्याला वाचता येत नव्हत्या. मार्च 2003 मध्ये व्हिएन्नात झालेल्या सांख्यिकी संगणनाच्या परिषदेच्या निमित्ताने ही मंडळी एकत्र बसली. नेदरलँड्समधले एड्झर पेबेस्मा, ज्यांचे क्रीगिंगचे 'जीस्टॅट' आधीपासून होते, आणि बिवँड यांनी सर्वांनी वापरायचा एक सामायिक साचा तयार केला. 2005 मध्ये तो 'एसपी' या नावाने आला आणि पुढे शेकडो पॅकेजे त्यावर उभी राहिली. 2008 मध्ये या दोघांनी व्हिर्हिलियो गोमेस-रुबियो यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाने शिकणाऱ्यांची एक पिढी घडवली. त्या पुस्तकातल्या उदाहरणांचे आकडे सॉफ्टवेअरबरोबरच मिळत. नेदरलँड्समध्ये स्टाइन गावाजवळ म्यूज नदीच्या पूरमैदानातल्या मातीचे 155 नमुने आणि त्यातले जस्त, शिसे, तांबे, कॅडमियम हे त्यांतले एक. नदीच्या काठाला जस्त जास्त, आत गेले की कमी: विद्यार्थी हा नकाशा स्वतः काढतो, अंतराचे वर्गमूळ घेतल्यावर रेषा सरळ होते हे स्वतः पाहतो, आणि क्रीगिंगचा अंदाज कुठे विश्वासार्ह आहे व कुठे नाही याचा दुसरा नकाशाही काढतो. सूत्र, आकडे आणि कृती तिन्ही एका जागी येणे ही चाळीसच्या दशकातल्या पीककापणीच्या वादानंतर प्रथमच घडत होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लूक अ‍ॅन्सेलिन यांचे 'जिओडा' 2003 मध्ये आले तेव्हा त्याचा कोड खुला नव्हता. ते फुकट होते, माऊसने चालत असे, आणि नकाशावर शेजार समजावून देण्यात त्याने आरपेक्षा जास्त लोकांना हात दिला असेल. नंतर तेही मुक्तस्रोत झाले, पण शिकवण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. मग उघडेपणाचा एवढा डंका कशाला? उत्तर नंतरच्या दोन निबंधांत आहे. बिवँड आणि जानफ्रांको पिरास यांनी 2015 मध्ये स्थलीय प्रतिगमनाची तीच प्रारूपे आर, स्टाटा, मॅटलॅब आणि पायथॉनमध्ये चालवून उत्तरे शेजारीशेजारी मांडली. बिवँड आणि डेव्हिड वाँग यांनी 2018 मध्ये स्थानिक मोरानसारख्या, म्हणजे एकेका ठिकाणापुरत्या, मापांचे तेच केले. उत्तरे सगळीकडे जुळली नाहीत. का जुळली नाहीत हे शोधायला कोडमध्ये उतरावे लागले. कारणे काही वेळा अगदी किरकोळ होती: स्थानिक मोरान काढताना प्रसरणाला एकूण ठिकाणांच्या संख्येने भागायचे की त्यातून एक वजा करून, हे दोन्ही प्रकार वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतात. आता आरमध्ये तो पर्यायच उघडपणे ठेवलेला आहे. बंद पेटीतून आलेले उत्तर बरोबर असू शकते, नव्हे, बहुतेक वेळा असतेच. पण दोन पेट्यांची उत्तरे वेगळी आली की शिकणाऱ्याकडे कोणावर विश्वास ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो. माऊसने चालणाऱ्या साधनाने विषयाची गोडी लावली हे मान्य. ती गोडी विद्येत बदलायला आत पाहता येणे लागले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: कोड वाचतो कोण? हजार विद्यार्थ्यांत एखादा. हे खरे आहे, आणि मुक्तस्रोताचे भाट ते सहसा कबूल करत नाहीत. पण उघडेपणाचा परिणाम कोड वाचण्याच्या आधी होतो. एसपीडेपमध्ये शेजाराची वजने तयार करताना एखाद्या ठिकाणाला शेजारीच नसेल तर पॅकेज ठोक नकार देते आणि थांबते. पुढे जायचे असेल तर वापरणाऱ्याने 'झीरो पॉलिसी' नावाचा पर्याय स्वतःच्या हाताने चालू करावा लागतो, आणि मग बिनशेजारी ठिकाणाच्या शेजाराची सरासरी शून्य धरली जाते. शून्य हा इथे एक दावाच आहे: या बेटाभोवती काहीही नाही, असा. विद्यार्थी चिडतो, पण त्या त्रुटी-संदेशापाशी त्याला पहिल्यांदा कळते की आपण काहीतरी ठरवतो आहोत. शिवाय केलेली प्रत्येक पायरी लिहिलेल्या ओळींत राहते. ती दुसऱ्याला देता येते, आणि दुसरा ती चालवून पाहू शकतो. माऊसच्या क्लिकचा असा माग राहत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. साधन सोपे झाले की दुरुपयोग वाढतो. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी 1979 मध्ये आयोवाच्या 99 काउंट्या वेगवेगळ्या तऱ्हेने एकत्र करून दाखवले होते की रिपब्लिकन मते आणि वृद्धांचे प्रमाण यांचा संबंध, हद्दी कशा जोडल्या त्यावर, ठळक ऋण ते जवळजवळ पूर्ण धन असा हवा तसा काढता येतो. तेव्हा हे करायला चिकाटी लागली. आज ते एका संध्याकाळचे काम आहे, आणि रंगीत नकाशाला लोक तक्त्यापेक्षा लवकर भुलतात. मुक्त सॉफ्टवेअर हे थांबवत नाही. ते इतकेच करते की ज्याने हद्दी सोयीने जोडल्या त्याच्या ओळी मागून, त्या बदलून, उत्तर कोसळते का हे कोणालाही पाहता येते. फसवणुकीवरचा हा इलाज दुबळा आहे. पण दुसरा इलाज असा की हे साधन थोड्या जाणत्यांच्याच हाती ठेवायचे, आणि जाणत्यांनी नकाशे सोयीने कापल्याचा इतिहास काही लहान नाही.

उघडेपणाची किंमतही पडते, आणि ती मोजक्यांच्या खांद्यावर पडते. आर ज्या पायावर नकाशे वाचते त्यातली 'प्रोज' ही गणित करणारी संहिता अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातल्या जेराल्ड इव्हेंडेन यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केली, आणि नाना तऱ्हेच्या फाइली वाचणारी 'जीडाल' फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये एकट्याने. अक्षांश-रेखांश कोणत्या लंबगोलावर मोजले हे प्रोज सांभाळते. भारताच्या जुन्या टोपोशीट 1830 च्या एव्हरेस्ट लंबगोलावरच्या, आणि मोबाइलचे जीपीएस जागतिक लंबगोलावरचे. हा फरक विसरला तर एकाची विहीर दुसऱ्याच्या वावरात जाते. 2019 मध्ये प्रोज आणि जीडाल दोन्ही मुळापासून बदलल्या आणि जगभरच्या जुन्या लिहिलेल्या ओळी धडाधड बंद पडल्या. पेबेस्मा यांनी 2016 पासून 'एसएफ' हा नवा साचा उभारलेला होता म्हणून निभावले. ऑक्टोबर 2023 मध्ये जुन्या साच्याचे तीन आधार, 'आरजीडाल', 'आरजिओस' आणि 'मॅपटूल्स', कोठारातून काढले गेले. कारण त्यांची निगा राखणारे बिवँड निवृत्त होत होते आणि ते ओझे घ्यायला कोणी नव्हते. शेकडो पॅकेजांना आपले दरवाजे बदलावे लागले. विकाऊ उत्पादनाच्या बाजूने बोलणारे म्हणतील, कंपनी असती तर हे झाले नसते. पण एस-प्लसचे काय झाले? कंपनी हातोहात विकली गेली, उत्पादन विस्मृतीत गेले, आणि त्यासाठी लिहिलेल्यांपैकी जे टिकले ते आरमध्ये आणले गेले म्हणून टिकले. स्प्लँक्स त्यातलेच.

भारतात ही हकीकत एका वेगळ्या जागी अडली होती. सॉफ्टवेअर आपल्याकडे बाकीच्या जगाबरोबरच आले. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र पाठ तयार केले आणि त्यांतले अनेक मराठीसह भारतीय भाषांत आणले. अडचण होती नकाशाची. सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे दशकानुदशके संरक्षणाच्या कारणाने बंधनात होते. 2005 च्या धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, पण बंधने खरी सैल झाली ती फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. त्याआधी शिकणाऱ्याने जिल्ह्यांच्या हद्दी कुठून मिळवायच्या? कोणीतरी कुठूनतरी गिरवलेल्या शेपफाइल फिरत, आणि त्यातल्या हद्दी कोणत्या वर्षाच्या हे त्यावर लिहिलेले नसे. महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा जिल्हे 26 होते, आज 36 आहेत. 2011 च्या जनगणनेत 35 आहेत, कारण ठाण्यातून पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. नव्या हद्दींच्या नकाशाला जुन्या जनगणनेचा तक्ता जोडला की पालघर रिकामा दिसतो आणि ठाण्याच्या आकड्यात पालघरचे आदिवासी तालुके गुपचूप बसलेले असतात. संगणक तक्रार करत नाही. ही चूक ज्याला जिल्ह्यांचा इतिहास माहीत आहे त्यालाच दिसते, आणि म्हणूनच परक्या काउंट्यांवर शिकलेली विद्या अर्धी राहते. मुंबई शहर जिल्ह्याचेच पाहा. जमिनीवरच्या हद्दीने त्याला एकच शेजारी, मुंबई उपनगर. रायगड खाडीपलीकडे. जानेवारी 2024 मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी पूल सुरू झाला. घरांच्या किमतींचा अभ्यास करणारा रायगडला आता शेजारी धरील, डासांमुळे पसरणाऱ्या तापाचा अभ्यास करणारा कदाचित धरणार नाही. दोघेही बरोबर असतील, आणि लिहून दिल्यास दोघांची निवड तपासता येईल.

सुखात्म्यांच्या पीककापणीला आता विम्याचे पैसे जोडलेले आहेत. पंतप्रधान पीक विमा योजनेत 2016 पासून कापणीप्रयोगांवरून सरासरी उत्पादन ठरते, आणि महाराष्ट्रात त्याचे एकक सहसा महसूल मंडळ असते. 2023 पासून काही पिकांत उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही त्यात वजन मिळू लागले. मंडळाच्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे एकाच बांधाला लागून असलेली दोन वावरे असतात. माती तीच, पाऊस तोच, आणि भरपाई एकाला मिळते, दुसऱ्याला नाही. हद्द ओलांडताना उत्पादन खरोखर असे तुटते का, कापणीचे तुकडे कुठे पडले होते, शेजारच्या मंडळाचे प्रयोग हिशेबात घेतले तर अंदाज किती सरकतो, हे प्रश्न क्रीगच्या खाणीतल्याच जातीचे आहेत आणि ते सोडवण्याची साधने कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजातल्या संगणकावर आज चालतात. शेतकऱ्याच्या बाजूने ते गणित पुन्हा करून पाहायचे तर कापणीचे ठिकाणवार आकडे आणि उपग्रहाचा अंदाज काढण्याची रीत, दोन्ही सॉफ्टवेअरइतकीच उघडी लागतात.